सात जादा मतं

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या गणेशोत्सव मंडळाची निवडणूक मी बिघडवली. मुद्दाम नव्हे, पण बिघडवली मीच. आणि बिघडली आहे हे कळल्यावरही चार दिवस गप्प बसले. मासिकासाठी ‘तंत्रज्ञान आणि आपण’ असं काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा सगळ्यात आधी हेच आठवलं. तेव्हा उपदेशाआधी कबुली.

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतलं आमचं मंडळ. सभासद दोनशे बारा, पण त्यातली तरुण मुलं पुण्यात, बंगळुरात, काही थेट अमेरिकेत. दर तीन वर्षांनी आरतीनंतर हॉलमध्ये हात वर करून अध्यक्ष निवडायचा, ही पद्धत. पण या वेळी उमेदवार दोन होते. एक काका, ज्यांनी वीस वर्षं मंडळाचा हिशेब सांभाळला, आणि दुसऱ्या आमच्याच गल्लीतल्या वहिनी, ज्यांना ढोल-पथक, मुलांसाठी मराठी वर्ग असं बरंच नवीन करायचं होतं. बाहेरगावच्या मुलांनाही मत हवं होतं. कोणीतरी म्हणालं, ‘ऑनलाइन करून टाकू ना!’ आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींतल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

मी वीस मिनिटांत एक फुकटचा ऑनलाइन फॉर्म बनवला. नाव, मोबाइल नंबर आणि दोन पर्याय. लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. रविवारी रात्री नऊला फॉर्म बंद केला, तेव्हा १६३ नोंदी होत्या. नावं मात्र १५६. सात जणांच्या नावावर दोन-दोन नोंदी. मी विचार केला, लोकांचं मन बदललं असेल, नंतरची नोंद धरावी. सात ओळी काढून टाकल्या. वहिनी ८०, काका ७६. ग्रुपवर निकाल टाकला, खाली फुलांचे गुच्छ आणि टाळ्यांचा पाऊस पडला. काकांनीही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना बाबांनी विचारलं, ‘सात मतं काढलीस म्हणे. कोणती काढलीस, हे आणखी कोणी पाहिलं?’

‘कोणी नाही. मीच केलं.’

‘म्हणजे मतदान घेणारी तू, मोजणारी तू, बाद करणारी तू आणि एजंटही तूच,’ बाबा म्हणाले आणि पोह्यांवर शेव घालून घेतली. पुढे काहीच बोलले नाहीत. बाबांची शिकवायची ही जुनी रीत आहे.

त्या रात्री मी काढलेल्या ओळी पुन्हा उघडल्या. सातपैकी दोघांच्या दोन्ही नोंदी सारख्याच होत्या. उरलेल्या पाच जणांची पहिली नोंद एकाला होती आणि दुसरी दुसऱ्याला. त्यातल्या चौघांची पहिली नोंद काकांना होती. नंतरची धरण्याऐवजी मी पहिली धरली असती, तर काका ७९ आणि वहिनी ७७. काका जिंकले असते. दोनदा नोंद असलेली सातही नावं पूर्ण बाद केली असती, तर वहिनी ७५ आणि काका ७४. तीन रीती, तीन निकाल. तिन्ही रीतींच्या बाजूनं काहीतरी बोलता आलं असतं. कोणती धरायची हे आधी ठरलं नव्हतं, आणि ते मी एकटीनं, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवलं होतं.

त्या सातपैकी दोघींना मी सहज म्हणून विचारलं. एक आजी म्हणाल्या, ‘मी कुठे भरला फॉर्म? नातवानं भरला. अन् पुण्याहून लेकीनंही माझा भरला वाटतं.’ नातवाला विचारलं, आजीला विचारून भरलास का? ‘विचारलं ना! म्हणाली, तुला वाटेल ते कर.’ दुसऱ्या मावशी ठामपणे म्हणाल्या, ‘मी एकदाच भरला.’ मग दुसरी नोंद कोणाची? मला सांगता येईना. कोणीही कोणाचंही नाव आणि नंबर लिहून मत देऊ शकत होतं, आणि सभासदांचे नंबर तर मंडळाच्या छापील यादीत सगळ्यांकडेच होते.

याहून वाईट गोष्ट निराळीच होती. माझ्या तक्त्यात प्रत्येक नावासमोर त्याचं मत दिसत होतं. मला ते बघायचं नव्हतं, पण सात ओळी शोधताना बाकीच्या नजरेखालून गेल्याच. काकांच्या अगदी जवळच्या एका व्यक्तीनं त्यांना मत दिलं नव्हतं. कोण, ते मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण त्या घरी चहाला गेले की अजूनही माझी नजर खाली जाते. गुप्त मतदान हा शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

चार दिवसांनी बाबांपुढे सगळं मांडलं. बाबा सरकारी शाळेत शिक्षक होते. आपल्याकडे शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्युटी आलीच. पीठासीन अधिकारी, म्हणजे मराठीत ज्याला केंद्राध्यक्ष म्हणतात, ते काम त्यांनी अनेकदा केलं. आदल्या दिवशी सामान घेऊन निघायचं, खेड्यातल्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, पहाटे उठून टेबलं मांडायची. मतपेटीला लाख लावताना भाजल्याचा डाग त्यांच्या डाव्या अंगठ्यावर अजून आहे. २००४ साली लोकसभेची निवडणूक देशभर सगळ्या मतदारसंघांत यंत्रांवर झाली, तेव्हा त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा यंत्र आलं.

‘यंत्र आलं म्हणून काम कमी झालं असं वाटतं लोकांना,’ बाबा म्हणाले. ‘काम तेच होतं. सकाळी एजंटांसमोर खोटी-खोटी मतं टाकून बघायची. कोणी किती टाकली ती लिहायची, यंत्राशी जुळवायची, मग पुसायची आणि शून्य झालं हे प्रत्येकाला दाखवायचं. नंतर सील, त्यावर एजंटांच्या सह्या. दिवसभर कोण येऊन गेलं त्याची नोंदवही. संध्याकाळी यंत्रावरचा ‘टोटल’ आणि नोंदवहीतला आकडा जुळला पाहिजे. तो आकडा फॉर्मवर लिहून प्रत्येक एजंटला प्रत द्यायची, म्हणजे मोजणीच्या दिवशी तो ती घेऊन उभा राहील. कोणाला किती मतं, हे मला कळत नव्हतं. किती जणांनी दिली, एवढंच.’

मग थोडं थांबून म्हणाले, ‘भांडखोर एजंट असला की मला बरं वाटायचं. सारखा वाकून बघणारा, प्रत्येक सील हातानं चाचपणारा. तो गेला की सही करताना हात थरथरत नसे.’

मी माझ्या फॉर्मकडे या नजरेनं पाहिलं. नोंदवही नव्हती. शून्य कोणाला दाखवलं नव्हतं. भांडखोर एजंट नव्हता. मत कोणाचं ते कळत होतं, आणि ते खरंच त्यानं दिलं का, ते मात्र कळत नव्हतं. म्हणजे व्हायला हवं त्याच्या बरोब्बर उलट.

आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान यंत्रांबद्दल दोनच पक्ष असतात. एकाच्या मते सगळी यंत्रं कधीच विकली गेली आहेत, दुसऱ्याच्या मते यंत्राला काही होऊच शकत नाही. दोघांनीही यंत्राची खरी गोष्ट वाचलेली नसते. ती मी या निमित्तानं वाचली.

भारतात ही यंत्रं पहिल्यांदा वापरली गेली १९८२ साली, केरळातल्या परूर विधानसभा मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर. १२३ मतांनी हरलेले उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झालं आणि जोस निवडून आले. यंत्रानं चुकीचं मोजलं असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. नियम आधी ठरला नव्हता, एवढंच. हे वाचताना मला माझ्या सात ओळी आठवल्या. पुढे कायदा बदलला, १९९८ मध्ये आपल्या मध्य प्रदेशात, राजस्थानात आणि दिल्लीत मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रं वापरून पाहिली गेली, आणि मग २००४.

ही यंत्रं दोन सरकारी कंपन्या बनवतात, एक बंगळुरूची, दुसरी हैदराबादची. २०१० मध्ये हैदराबादचेच हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्राइप यांनी एक खरं यंत्र मिळवून उघडलं. त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या. एक, निकाल दाखवणारी पाटी काढून हुबेहूब तशीच दुसरी बसवायची, जी मोबाइलवरून सांगू तो खोटा आकडा दाखवेल. दोन, मतदान आणि मोजणी यांच्या मधल्या दिवसांत यंत्राच्या मेमरीला एक छोटा चिमटा लावून आतली मतं बदलायची. दोन्हींसाठी यंत्र हातात येऊन उघडावं लागतं. घरबसल्या मोबाइलवरून सगळ्या देशाची यंत्रं फिरवली, ही फॉरवर्डमधली गोष्ट त्यांच्या प्रयोगात कुठेच नाही. निवडणूक आयोगाचं म्हणणं होतं की, सील आणि पहारा असताना असं यंत्र कोणाच्या हाती लागणारच नाही. पण त्यांच्या हाती लागलेलं यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातूनच बाहेर आलेलं होतं, आणि त्याच कारणानं हरी प्रसादना त्या ऑगस्टमध्ये अटक झाली. त्याच वर्षी त्यांना डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेचा पुरस्कारही मिळाला.

पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मतदाराला कागदी खूण दिसली पाहिजे. मग व्हीव्हीपॅट आलं. आपलं चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते आणि बंद पेटीत पडते. २०१७ मध्ये गोव्याच्या विधानसभा निवडणुकीत सगळ्या ४० मतदारसंघांत ही सोय होती. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा किंवा कागदी मतपत्रिका परत आणा, ही मागणी न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. पण त्याच निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या उमेदवाराला काही यंत्रांची तपासणी मागण्याची वाट करून दिली. पुन्हा हरलेलाच माणूस. भांडण पाच केंद्रं पुरेशी की कमी, यावर आहे आणि ते शहाण्या माणसांत चालू आहे. कागद हवाच, यावर मात्र आता कोणी भांडत नाही.

मला सगळ्यात भावली ती जर्मनीची गोष्ट. २००५ च्या तिथल्या निवडणुकीत काही ठिकाणी यंत्रं वापरली होती. उलरिख वीझनर आणि त्यांचे वडील योआखिम, म्हणजे एक भौतिकशास्त्र शिकलेला मुलगा आणि एक राज्यशास्त्रज्ञ बाप, त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला. यंत्रात गडबड झाली असं न्यायालयाला आढळलं नाही, निवडणूकही रद्द झाली नाही. पण मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही खास ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत, आणि ती यंत्रं तशी नव्हती, म्हणून ती घटनेत बसत नाहीत, असं न्यायालय म्हणालं. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘म्हणजे आजीला कळलं पाहिजे.’ एवढ्या मोठ्या निकालाचं इतकं छोटं भाषांतर मला जमलं नसतं.

तेव्हापासून घरातल्या वस्तूंनाही मी हाच प्रश्न लावते आणि उत्तरं काही छान नसतात. आमच्या दारावरचा कॅमेरा तीन वर्षं कंपनीच्या मूळ पासवर्डवर चालू होता. टेस्टिंगचा पगार घेणाऱ्या बाईच्या घरी! २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या एका प्रोग्रामनं असेच साठेक नेहमीचे मूळ पासवर्ड घोकून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कुलूप फोडावं लागलंच नाही, किल्ली दारातच टांगलेली होती. मी पासवर्ड बदलला तेव्हा मुलीनं विचारलं, ‘आई, मग तीन वर्षं कोणी बघत होतं का?’ बहुतेक नाही, असं म्हणाले. तो ‘बहुतेक’ मला अजून टोचतो.

बाबांना मागच्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली. दाबल्यावर फोन म्हणाला, ॲप इन्स्टॉल करा. बाबा थांबले. मला हाक मारून म्हणाले, ‘पत्रिका वाचायला ॲप कशाला लागतं? पत्रिकेला माझे मेसेज वाचायची परवानगी का हवी?’ ती ‘एपीके’ फाइल होती. एकदा बसली की फोनवर येणारे ओटीपी परस्पर वाचते आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवते. त्या सहकाऱ्याच्या फोनचं तेच झालं होतं. पत्रिका अनोळखी माणसाकडून आली असती तर आपण सावध असतो. ती आपल्या माणसाच्या नावानं येते, खोच तिथे आहे. आम्ही त्यांना फोन केला आणि १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगितलं. लवकर केली तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. सहकारी काका फोनवर म्हणाले, ‘लाज वाटते हो सांगायला.’ मला ती लाज ओळखीची होती. चार दिवस मीही तिच्याच पायी गप्प होते.

तर मी शेवटी सांगितलं. ग्रुपवर लिहिलं की, निकाल विश्वास ठेवण्याजोगा नाही, चूक माझी आहे, आणि तिन्ही रीतींचे आकडे दिले. नावं दिली नाहीत, आणि सगळ्यांची मतं असलेला तो तक्ता दोन्ही उमेदवारांना सांगून पुसून टाकला. बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही. मग एकानं लिहिलं, ‘एवढ्याशा मंडळासाठी कशाला?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘मला आधीच शंका होती.’ वहिनींचा फोन आला. मी ऐकायची तयारी करून उचलला. त्या म्हणाल्या, ‘पुन्हा घेऊ. नाहीतर तीन वर्षं मी जे काही करीन, त्यात ते चार मतं शोधतील.’ काका संध्याकाळी घरी आले. दारातच म्हणाले, ‘बेटा, मला हरायचं दुःख नव्हतं. कसा हरलो ते कळत नव्हतं, त्यानं झोप येत नव्हती.’

पुढच्या रविवारी आरतीनंतर हॉलमध्ये मतदान झालं. प्रसादाच्या साखरेचा स्टीलचा डबा घासून-पुसून आणला, सगळ्यांसमोर उलटा करून दाखवला. बाबांनी खुर्चीत बसून नोंदवही सांभाळली. पडद्यामागे टेबल, चिठ्ठी आणि पेन. आजींनी नातवाला पडद्याबाहेर उभं केलं आणि स्वतः आत गेल्या. सह्या १२१, डब्यातून निघालेल्या चिठ्ठ्या १२१. एका बाजूनं काकांचा पुतण्या, दुसऱ्या बाजूनं वहिनींची बहीण, प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होते. वहिनी ६६, काका ५४, एक कोरी. काकांनी गठ्ठा हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजला. मग म्हणाले, ‘बरोबर आहे. जलेबी आणा.’

या निवडणुकीची किंमतही सांगायला हवी. पस्तीस मतं कमी झाली. बंगळुरूचा माझा मावसभाऊ अजून रुसलेला आहे. ‘पैसे फोनवरून पाठवता येतात, मग मत का नाही?’ असं तो विचारतो. मी त्याला सांगते, पैसे गेले तर तुझ्या पासबुकात दिसतं, तू बँकेशी भांडू शकतोस. मत तर तुझ्या नावाशिवायच डब्यात पडायला हवं, मग ते बदललं हे तू कसं ओळखणार? त्याला हे अर्धंच पटलंय. बाहेरगावच्यांसाठी बंद पाकिटातून टपालानं मत मागवता येईल का, यावर मंडळात बोलणं चालू आहे. सहलीची तारीख आणि जेवणाचा बेत मात्र आम्ही अजूनही ऑनलाइनच ठरवतो. त्यात कोणी दोनदा बासुंदी मागितली तरी बिघडत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या मंडळात, सोसायटीत, कॉलेजच्या ग्रुपात असा फॉर्म बनवायला तुम्हालाच सांगतील, कारण ‘तुला येतं ना ते’. बनवा, पण दुसरी रीत आधी ठरवून घ्या: दोन नोंदी आल्या तर काय करायचं, मोजताना शेजारी कोण बसणार, आणि हरणाऱ्याला काय दाखवणार.

आमची पुढची निवडणूक दोन वर्षांनी आहे. बाबांना आता नोंदवही लिहिताना चष्म्यातूनही त्रास होतो, म्हणून त्यांनी आजपासूनच मदतनीस शोधायला सांगितला आहे. अट एकच. भांडखोर पाहिजे.